पैसा मोंढ्यातला, भांडण बांधावरचं

*ताई, नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोंढ्यात माझी आडत आहे. वय ३६. घर शेतातल्या वस्तीवर, दुकानापासून १७ किलोमीटर. सोयाबीन-कापसाच्या दिवसांत रोज रात्री नऊ-साडेनऊला मोटारसायकलवर घरी निघतो. पिशवीत कधी दोन लाख, कधी पाच. दिवाळीच्या आधी आमच्याच लाइनीतल्या एका व्यापाऱ्याला दोघांनी रस्त्यात गाठलं, डोळ्यांत मिरचीपूड टाकली, पैसे नेले अन् वर डोकं फोडलं. तेव्हापासून मला झोप नाही. पिस्तुलाच्या परवान्याला अर्ज करावा म्हणतो. मोबाईलवर अमेरिकेतली माणसं दिसतात, कमरेला पिस्तूल लावून बाजारात फिरतात, त्यांना काऊन कुणी अडवत नाही? एक मित्र म्हणतो, परवान्याला लई दिवस लागतील, तोवर तीस हजारांत वस्तू आणून देतो. फोटोबी पाठवलेत त्यानं. बायको म्हणते, ते घरात आलं तर मी लेकरं घेऊन माहेरी जाईन. लेकरं ११ आणि ६ वर्षांची.*

*दुसरं असं की चुलतभावाशी जमिनीचा वाद चालू आहे. आजोबाच्या वाटणीपासून आमची वहिती त्याच्या गटात अन् त्याची आमच्या गटात. आता आम्ही कसतो त्या जमिनीला डांबरी रस्ता लागला, तर तो म्हणतो सातबारा माझा, रान सोड. जूनमध्ये पेरणीच्या वेळी हातघाई झाली, दोन्हीकडून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली. तो चार पोरं घेऊन फिरतो. माझ्याजवळ काही असलं तर त्यानं नुसतं बघितलं तरी पुरे आहे. ताई, काय करू?*

दादा,

तुमचं पत्र चार पानांचं होतं, वर कापून दिलंय. कापायला बसले तेव्हा लक्षात आलं, रस्त्यावरच्या चोरांना तुम्ही अर्धं पान दिलंय आणि चुलतभावाला अडीच. चोरांबद्दल लिहिताना अक्षर सरळ आहे. भावाचा विषय आला की पेन कागदात रुतलाय. म्हणून विचारते, पिस्तूल नेमकं कुणासाठी हवंय? उत्तर मला कळवू नका, पण पुढचं वाचताना मनात असू द्या.

त्या तीस हजारांच्या वस्तूचं आधी उरकून टाकू. गावठी कट्टा जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, तो चालवायची गरज नाही. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल सापडलं तर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, शिवाय दंड. पूर्वी हेच एक ते तीन वर्षं होतं. 'रक्षणासाठी ठेवलं होतं' हे सांगितल्यानं परवान्याची उणीव भरून निघत नाही. हा माल बऱ्याचदा मध्य प्रदेशाच्या सीमेवरून येतो, जळगावला लागून असलेल्या उमर्टीचं नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. नळी काडतुसाचा दाब सोसेल की हातातच फुटेल, याची हमी कुणी देत नाही. आणि मित्राचं म्हणाल, तर तो ज्या दिवशी धरला जाईल त्या दिवशी 'कुणाकुणाला दिलं' या प्रश्नाला त्याच्याकडे तुमचंच नाव असेल.

मी बावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. असाच एक २३ वर्षांचा पोरगा माझ्याकडे आला होता. पानटपरीवर बाचाबाची झाली म्हणून कट्टा घेतला. कुणावर रोखलासुद्धा नाही, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक गुन्हे शाखेची गाडी दारात. एक कट्टा, दोन जिवंत काडतुसं, पंचनामा. बापानं माझ्या ऑफिसच्या कोपऱ्यात बसून तुरीच्या पट्टीचे पैसे मोजले. पोरानं पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता.

आता परवाना. रोकड घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याला तो मागता येतो, त्यात गैर काही नाही. अर्ज केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर, नमुना ए-१ मध्ये. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, मराठवाड्यात फक्त छत्रपती संभाजीनगर शहरात ती पोलीस आयुक्तांकडे. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला, शस्त्र हाताळायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात ते कुलपात ठेवायची सोय, हे सगळं लागतं. मग कागद पोलीस अधीक्षकांमार्फत तुमच्या ठाण्यात येतो आणि जमादार चौकशीला येतो. तो काय बघणार? तुम्हाला धोका आहे याचा कागद. तो तुमच्याकडे नाही, कारण लुटलं गेलं ते दुसऱ्याला. आणि तुमच्यापासून कुणाला धोका आहे का, याचा कागद. तो मात्र ठाण्यात आहे, जूनमधली एनसी. नकार आला तर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, पण ती एनसी तिथंही फाइलीत असणारच.

त्यातून तुमचा जिल्हा बीड. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली. त्यानंतर कमरेला पिस्तूल लावलेल्यांचे फोटो आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ एकामागून एक बाहेर आले. प्रशासनानं परवान्यांची फेरतपासणी केली, शंभरावर परवाने रद्द केले. ज्यांच्यावर गुन्हे दाखल होते त्यांच्याकडेही परवाने निघाले. आता कलेक्टर ऑफिसातल्या गृह शाखेत बसलेला माणूस बीडचा नवीन अर्ज कसा वाचत असेल, तुम्हीच सांगा.

समजा मिळाला. मुदत पाच वर्षं. ९ एमएम वगैरे सिनेमातलं नाव काढू नका, तो बोअर, म्हणजे नळीचं माप, सामान्य माणसाला बंद आहे. तुम्हाला मिळेल ते .३२ चं. सरकारी कारखान्यानं २०१४ साली महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणलं, त्याची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होती. निवडणूक लागली की ते ठाण्यात नेऊन जमा करायची नोटीस येऊ शकते, आणि निवडणूक हे तर आपल्याकडचं बारमाही पीक.

अमेरिकेचं विचारलंत. तिथं शस्त्र बाळगणं हा १७९१ पासून घटनेतला हक्क आहे. २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्वरक्षणासाठी ते घराबाहेर बाळगणंही त्याच हक्कात येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये नेमकं याच्या उलट नोंदवलं: अमेरिकेसारखा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही. म्हणून त्या व्हिडिओतला माणूस आणि तुम्ही यांची तुलनाच होत नाही. पण तिथलीच एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. १९९३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी घरात झालेल्या खुनांचा अभ्यास केला. अमली पदार्थ, मारहाण, जुन्या अटका अशा बाकीच्या कारणांचा हिशेब वेगळा काढूनही बंदूक असलेल्या घरात खुनाची शक्यता २.७ पट निघाली. आणि मारणारे बहुतेक घरचे नाहीतर ओळखीचे होते. वहिनींनी काही हा अभ्यास वाचलेला नाही. तरी त्या काय म्हणाल्या ते पाहा, आणि 'बाईमाणूस घाबरतं' म्हणून सोडून देऊ नका.

आता रात्रीचे साडेनऊ डोळ्यांसमोर आणा. तुम्ही मोटारसायकलवर, दोन्ही हात हँडलला, डोक्यावर हेल्मेट (नसेल तर ते आधी घ्या, पिस्तुलापेक्षा स्वस्त आहे), पिशवी पोटाशी, पिस्तूल शर्टाखाली. मागून एक गाडी येते, बरोबरीला लागते, आणि मिरचीपूड उडते. या सगळ्यात पिस्तूल काढायची वेळ कोणती? १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका पोलीस प्रशिक्षकानं मोजून दाखवलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवरून दीड सेकंदात अंगावर येतो, आणि साधारण तेवढाच वेळ शिकलेल्या पोलिसाला पिस्तूल काढून गोळी झाडायला लागतो. तो पोलीस उभा असतो, समोर बघत असतो आणि रोजचा सराव केलेला असतो. तुम्ही चालत्या गाडीवर, डोळ्यांत तिखट, आणि आयुष्यात झाडलेल्या गोळ्या प्रशिक्षणातल्या तेवढ्याच. त्या रात्री चोर पाच लाख नेतील आणि सोबत सव्वा लाखाचं पिस्तूल. मग त्या पिस्तुलानं पुढे जे काही होईल, त्याच्या तपासात पहिली चौकशी तुमची.

आणि गोळी सुटलीच तर? स्वरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, चांगला भक्कम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आलाय. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. जबरी चोरीतही जातो. पण त्याला दोन कुंपणं आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि धोका संपला की हक्कही संपला. चोर पिशवी घेऊन पळाले, तुम्ही चिखलातून उठून त्यांच्या पाठीवर गोळी झाडली, तर मला तुमची बाजू मांडायला फार थोडी जागा उरते. वैद्यकीय अहवालात 'जखम पाठीमागून' असं एक वाक्य आलं की सगळी उलटतपासणी त्याच्याभोवती फिरते. मी ती पाहिली आहे, दोन्ही बाजूंनी.

म्हणून रस्त्यावरच्या चोरीवरचा उपाय कमरेला नाही, पिशवीत आहे. चोराला तुमचं वैर नाही, त्याला रोकड हवी आणि तुमची वेळ ठाऊक हवी. मोंढ्यात रोकड का लागते हे मला माहीत आहे. शेतकरी म्हणतो, खात्यावर टाकू नका, बँक पीककर्जात वळती करून घेईल. त्याचं खोटं नाही. शेतमालाचे पैसे शेतकऱ्याला रोखीनं द्यायला आयकरातही सूट आहे, त्यामुळे ही सवय मोडत नाही. पण विचार करा, तुम्ही जी रक्कम देता ती दिवसा, दुकानात. रात्री जी घेऊन निघता ती उरलेली, किंवा उद्यासाठीची. ती घरी का न्यायची? तालुक्याच्या गावात पैसे भरायचं मशीन असतं, ते बँक बंद झाल्यावरही घेतं. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे, तेव्हा बड्या व्यापाऱ्याकडून येणारे पैसे रोखीत घ्यायचं कारणच नाही. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर आयकर कायद्यानं बंदच आहे, हे तुमच्या सीएनं सांगितलं असेल, तुम्ही ऐकलं नसेल. तरीही उरलंच, तर दुकानात भिंतीत बसवलेली तिजोरी करा. आणि एक गोष्ट मोंढ्यात फार कमी लोकांना ठाऊक आहे: वाहतुकीतल्या रोख रकमेचा विमा निघतो. सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. अटी नीट वाचा, किती रकमेला किती माणसं सोबत हवीत वगैरे, पण चौकशी तर करा. पिस्तुलाच्या किमतीशी हप्ता ताडून बघा.

मग वेळ. नऊला निघता, तर कधी सातला निघा, कधी गावातच बहिणीकडे मुक्काम करा. शेजारच्या आडत्याचा रस्ता तोच असेल तर दोघं मिळून निघा. रिकामी पिशवी घेऊन चार दिवस फिरा, आणि ती रिकामी आहे हे चारचौघांत बोलून दाखवा. कारण असल्या चोऱ्या टीप मिळाल्याशिवाय होत नाहीत. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत टीप देणारा दर वेळी दोन-चार माणसांच्या आतला निघाला: कधी मुनीम, कधी गाडीवरचा पोरगा, एकदा तर मालकाचाच मेहुणा. कुणावर संशय घ्या असं म्हणत नाही. पण किती रक्कम आहे हे किती जणांना कळतं, ते एकदा बोटांवर मोजा. त्यात स्वतःचं बोट धरा, चहाच्या टपरीवर 'आज साडेचार वाजवले' म्हणणारे तुम्हीच असता.

वस्तीवर तुम्ही नसताना वहिनी आणि लेकरं एकटी असतात, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. अंगणात बॅटरीवर चालणारा दिवा, कुत्रं, ११२ नंबर मोठ्या लेकराला पाठ, आणि आजूबाजूच्या चार वस्त्यांचा फोनवर एक ग्रुप, एवढं या आठवड्यात होईल. गावात ग्राम सुरक्षा दल नुसतं कागदावर असेल तर पोलीस पाटलाला धरा. तिखटाचा स्प्रे परवान्याशिवाय मिळतो, तो वहिनींनी ठेवायला हरकत नाही. फक्त वारा कुठून येतो ते बघून.

आणि झोपेचं. दिवाळीच्या आधीपासून झोप नाही म्हणता. हे हसण्यावारी नेऊ नका. न झोपलेल्या माणसाला काठीसुद्धा जड आणि राग हलका होतो. सरकारची टेली-मानस म्हणून सेवा आहे, १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नाहीतर जिल्हा रुग्णालयात जा. घरात कुणीही खचलेलं असेल, तुम्ही किंवा दुसरं कुणी, त्या घरात बंदूक नको. माझं हे मत परवाना असला तरी बदलत नाही.

आता चुलतभाऊ. 'त्यानं नुसतं बघितलं तरी पुरे आहे', हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. पिस्तूल दाखवायला म्हणून कुणी घेत नाही, दादा. दाखवलेलं पिस्तूल आणि झाडलेलं पिस्तूल यांच्यात फक्त एक शिवी असते. परवाना असला तरी ते लोकांत मिरवायला नियमानं बंदी आहे, आणि भावाला धमकावलं तर ती गुन्हेगारी धमकी होते, परवाना जातो तो वेगळाच. आणि त्यानं पाहिल्यावर तो घाबरून बसेल असं का धरता? तुमच्याच रक्ताचा आहे. तुम्हाला तीस हजारांत आणून देणारा मित्र आहे, तसा त्यालाही असेल. रस्त्यावर पिस्तूल काढायला तुम्हाला वेळ मिळणार नाही असं मी वर म्हटलं. बांधावर मात्र मिळेल. तिथं ऊन असतं, समोरचा दहा पावलांवर उभा असतो, बाया ओरडत असतात, आणि हात मोकळे असतात. मी लढवलेले खुनाचे खटले बहुतेक असेच सुरू झाले, आणि आरोपी दरोडेखोर नव्हते. पेरणीला निघालेली माणसं होती.

तुमचा वाद तर सुटण्यासारखा आहे, आणि त्यासाठी सरकारनं २०२३ मध्ये सलोखा योजना आणली आहे. तुमच्यासारख्याच लोकांसाठी: याची जमीन त्याच्या ताब्यात, त्याची याच्या ताब्यात. दोघांचा ताबा किमान १२ वर्षांचा असला, आणि तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांच्या पंचनाम्यात तो दिसला, तर अदलाबदलीचा दस्त हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फीत होतो. अट एकच, दोघांची संमती लागते. आणि डांबरी रस्ता लागल्यावर तो ती फुकट देणार नाही. त्याच्या जागी तुम्ही असता तरी दिली नसती, हे मनातल्या मनात कबूल करा. सातबारा त्याचा, वहिती तुमची. कोर्टात गेलात तर दहा-पंधरा वर्षं दोघांनाही पुरेल एवढं भांडण आहे आणि त्यात फायदा माझ्यासारख्यांचा. रस्त्याकडेची काही गुंठे पट्टी त्याला, बाकी वहिती तुमच्या नावावर, अशा काही बोलण्यानं सुरुवात होऊ शकते. त्याआधी दोन्ही गटांची सरकारी मोजणी करून घ्या, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज देऊन. किती गुंठ्यांवरून भांडतोय हे दोघांनाही नक्की माहीत नसतं. मोजणीच्या दिवशी बंदोबस्त मागता येतो, पैसे भरून. तो मागा.

तुम्ही लिहिलंय की वाटणीच्या वेळी हजर असलेले थोरले चुलते आता ८१ वर्षांचे आहेत, भावाकडेच राहतात, आणि जूनपासून तुम्ही त्यांच्या पाया पडायला गेलेला नाहीत. ते एकटेच साक्षीदार उरलेत. संक्रांतीच्या आत जा. मोटारसायकल बांधाच्या अलीकडे लावा, दोन्ही गटांचे सातबारे सोबत घ्या, आणि एकटे जाऊ नका. वहिनींना आणि धाकट्या लेकराला न्या.